घर्षण, रोध की ओढ?

ब्रह्मपुरीकडच्या एका शिक्षिकेने विचारले आहे : "२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आमच्या आकाशातून जळत गेलेल्या रॉकेटाबद्दल मी फळ्यावर 'हवेच्या घर्षणाने जळाले' असे लिहिले. एक मुलगी म्हणाली, 'बाई, रोध लिहा.' एक मुलगा म्हणाला, 'माही आजी म्हणते, सायकलीले वारा मांगं ओढते. मंग ओढ काऊन नाही?' कोणाचे बरोबर?"

बाई, मुलीचा शब्द घ्या. आजीचा शब्दही टाकून देऊ नका, त्याकडे पुढे येतोच. 'घर्षण' मात्र त्या वाक्यातून पुसून टाका.

घर्षण म्हणजे घासणे. हवा यानाच्या अंगाला घासत जाते हे खरेच, पण ती उष्णता तिथे दुय्यम असते. सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने वस्तू आली की तिच्यापुढच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती जागच्या जागी दाबली जाते आणि दाबल्यामुळे हजारो अंशांपर्यंत तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड गरम लागते ना? तो चटका मुख्यतः दाबलेल्या हवेचा असतो. मुलांना पंप हातात देऊन हे दाखवता येईल, फळ्यापेक्षा ते बरे.

'रोध' हा 'रुध्' धातूतला, अर्थ अडवणे. रुंधणे, अवरोध, विरोध ही सगळी त्याचीच भावंडे. विजेच्या धड्यात मुलांना हाच शब्द भेटतो. त्याचा मोठा गुण असा की तो फक्त 'अडवते' एवढेच सांगतो, कसे अडवते याचा दावा करत नाही. हवा दाबली जाऊन अडवते, घासून अडवते, मागे भोवरे सोडूनही अडवते. हे सगळे 'रोध'मध्ये मावते, 'घर्षण'मध्ये मावत नाही.

आता तुमच्याच रॉकेटाकडे पाहू. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत पडलेले सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते त्या संध्याकाळी दिसलेली वस्तू म्हणजे फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी 'लाँग मार्च ३ बी' रॉकेटाचा तिसरा टप्पा. म्हणजे या एकाच वस्तूला हवेने तीनदा, तीन तऱ्हांनी अडवले.

पहिल्यांदा चढताना. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. पण रॉकेट जसे वर जाते तशी हवा विरळ होत जाते. या दोन्हींच्या ओढाताणीत, सुटल्यावर साधारण मिनिटभराने, दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर हवेचा मारा सर्वांत जास्त असतो. अमेरिकेचे स्पेस शटल तेवढ्यापुरता इंजिनांचा जोर कमी करत असे. आपल्या इस्रोच्या पीएसएलव्हीच्या टोकावरचे कवच याच हवेपासून उपग्रहाला जपण्यासाठी असते. शंभरेक किलोमीटरच्या वर त्याचे काम संपते आणि ते टाकून देतात.

दुसऱ्यांदा कक्षेत. तिथे हवा नाही असे आपण सर्रास म्हणतो, पण थोडी असते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक चारशे किलोमीटरवर असूनही महिन्याला सुमारे दोन किलोमीटर खाली येते, त्याला पुन्हा वर ढकलावे लागते. सूर्यावर वादळ झाले की वातावरण तापून फुगते आणि वरची हवा दाट होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ असेच गेले. तुमच्या रॉकेटाची कक्षा लांबट होती. दर फेरीत जवळच्या टोकाशी हवा थोडा वेग काढून घेई आणि दूरचे टोक खाली येई, असे वर्षभर चालले.

इथे 'रोध' शब्दही मला अडचणीत टाकतो, ते लपवत नाही. वर्तुळाकार कक्षेतल्या उपग्रहाचा वेग रोधामुळे कमी होण्याऐवजी वाढतो! उपग्रह खाली सरकतो, आणि रोध जेवढी ऊर्जा घेतो त्याच्या दुप्पट ऊर्जा पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण त्याला देते. म्हणून 'रोध म्हणजे वेग कमी करणारे' अशी व्याख्या लिहून देऊ नका. 'गतीच्या विरुद्ध दिशेने लागणारे बल' एवढेच म्हणा.

आणि म्हणूनच 'ओढ' नको. माहेरची ओढ असते, पुराच्या पाण्याला ओढ असते. ओढीला कुणीतरी ओढणारे लागते, आणि अवकाशात ते काम पृथ्वी करते. दोन्ही बलांना ओढ म्हटले तर वरचे कोडे मुलाला कधीच सुटणार नाही. पण आजी चुकली नाही हे त्या मुलाला आवर्जून सांगा. बांध्यांमधल्या रस्त्याने सामोरच्या वाऱ्यात सायकल हाणणाऱ्याला अगदी तसेच वाटते. शिवाय 'पावसाने ओढ दिली' म्हणतो तेव्हा आपणही मागे धरून ठेवणे हाच अर्थ घेतो. आजीची मराठी त्याच वळणाची आहे.

तिसऱ्यांदा उतरताना. सूप धारेने फिरवले तर हवा कापली जाते, सपाट बाजूने मारले तर हवा पुढे ढकलली जाते. परतणारे यान मुद्दाम बोथट तोंडाने का आणतात, ते यावरून कळेल. बोथट तोंडापुढे दाबलेल्या हवेची गादी तयार होते आणि बरीचशी उष्णता यानाला न लागता हवेतच निघून जाते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एच. ज्युलियन ॲलन यांनी हे दाखवले, त्याआधी सगळे टोकदार आकाराच्या मागे होते. इस्रोने अवकाशात पाठवून परत आणलेली कुपी (कॅप्सूल) जानेवारी २००७ मध्ये बारा दिवस फिरून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली, तीही बोथट तोंडानेच. लाडबोरीचे कडे कवचाविना वाचले, कारण पोकळ, हलकी वस्तू उंचावरच वेग गमावते आणि पुढे तितकी तापत नाही.

तेव्हा फळ्यावर असे लिहा : 'हवेच्या रोधाने रॉकेटाचा टप्पा खाली आला, आणि त्याच्यापुढे दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेने तो वितळून तुटला.' 'तुटला' हे क्रियापद मी मुद्दाम ठेवले आहे. आपल्याकडे म्हणतात तसा 'तारा तुटला', आणि या वेळी खरोखरच काहीतरी तुटले होते.