पहिलं पुस्तक निवडताना

फोटोग्राफी असो की घरचं रेकॉर्डिंग, शिकायला एकदम चार पुस्तकं उचलू नका, एकच पुरे. आधी सार्वजनिक वाचनालयात चाळा, मग विकत घ्या. फोटोग्राफीच्या पुस्तकात फोटोखाली ॲपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं), शटर (किती सेकंद उघडं), आयएसओ (प्रकाशाला किती संवेदनशील) छापलंय का पाहा. एफ/८, १/२५०, आयएसओ १०० असं असेल तर सकाळच्या उन्हात गोदाघाटावर तेच आकडे लावून पडताळता येतं. नुसतीच गुळगुळीत चित्रं? ते पाहुण्यांना दाखवायचं पुस्तक.

कॅमेऱ्याच्या एखाद्या मॉडेलवरचं किंवा सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवरचं टाळा. मेनू बदलला की रद्दी. उलट फिल्मच्या काळातलं एक्स्पोजरवरचं, म्हणजे फोटोत किती प्रकाश घ्यायचा यावरचं, पुस्तक आजही चालतं. जुन्या पुस्तकांत स्वस्तात दिसलं तर सोडू नका.

घरच्या रेकॉर्डिंगच्या पुस्तकात माइक कुठे ठेवायचा आणि खोलीतला घुमारा कसा कमी करायचा, ही प्रकरणं आधी शोधा. खोलीचा घुमारा एकदा आवाजात शिरला की नंतर नीट निघत नाही. मिक्सिंगचं, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र बसवण्याचं, प्रकरण सावकाश वाचा.