क्षेपणास्त्र आणि प्रक्षेप्य: सुटल्यानंतर काय होतं ते बघा

तुमचा प्रश्न असा, की मुलीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात प्रोजेक्टाइल म्हणजे प्रक्षेप्य म्हणून तोफेचा गोळा दिलाय. मग त्याला क्षेपणास्त्र का म्हणायचं नाही? दोन्ही फेकलेलीच ना?

शब्दाची फोड केली तर तुमचं बरोबर आहे. हातात धरून लढायचं ते शस्त्र, फेकून मारायचं ते अस्त्र, आणि क्षेपण म्हणजे फेकणं. त्या हिशेबाने भालासुद्धा क्षेपणास्त्र ठरेल. पण आज कुणी तसं म्हणत नाही.

गोफण डोळ्यांपुढे आणा. ज्वारीची राखण करणारा माळ्यावर उभा राहून ती गरागरा फिरवतो, एक दोरी सोडतो आणि गुंडा सुटतो. सुटताना वेग किती आणि कोन किती, एवढंच त्याच्या हातात होतं. पुढचं सगळं गुरुत्वाकर्षण आणि हवा ठरवणार. असं जे जे उडतं ते प्रक्षेप्य, मग ती विटी असो, चेंडू असो की बंदुकीची गोळी. त्याने शस्त्रच असायला हवं अशी अट नाही.

क्षेपणास्त्र मात्र शस्त्रच असतं. ते सुटल्यावरही स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर जातं आणि वाटेत आपली दिशा सुधारतं. यातली दिशा सुधारणं ही गोष्ट जास्त महत्त्वाची, हे मी ठामपणे सांगतो, कारण त्याचा दाखला आपल्या पुण्यातच आहे. पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने पिनाक हे अग्निबाण डागणारं अस्त्र विकसित केलं. एका गाडीवरून ४४ सेकंदांत १२ अग्निबाण सुटतात. १९९९ला कारगिलमध्ये ते वापरलं गेलं. त्या पिनाकला इंजिन होतं, पण सुटल्यावर दिशा बदलायची सोय नव्हती, म्हणून ते रॉकेट, अग्निबाण. पुढे त्याला मार्गदर्शन यंत्रणा आणि हलणारे पंख बसवले, तेव्हा त्याच कुळातलं अस्त्र क्षेपणास्त्राच्या पंगतीत आलं.

आता मुलीला नक्की आवडेल असा भाग. अग्नीसारख्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची इंजिनं सुरुवातीची काही मिनिटंच जळतात. नंतरचा बराचसा प्रवास ते गोफणगुंड्यासारखंच करतं. म्हणजे शस्त्रागारात ते क्षेपणास्त्र, पण त्या टप्प्यात भौतिकशास्त्राच्या दृष्टीने प्रक्षेप्य! दोन्ही शब्द एकाच वस्तूला एकाच वेळी लागू पडतात. एक शब्द वस्तू काय आहे ते सांगतो, दुसरा ती कशी उडतेय ते.

भाषांतर करणाऱ्यांनी एक सांभाळा. इंग्रजीत मिसाइलचा जुना, 'फेकून मारलेली वस्तू' हा अर्थ अजून जिवंत आहे. प्रेक्षकांनी मैदानात मिसाइल्स फेकली, अशी बातमी आली तर ते दगड किंवा बाटल्या असतात. अनुवाद तपासताना 'प्रेक्षकांनी क्षेपणास्त्रे फेकली' हे वाक्य मी स्वतः दोनदा खोडलंय. तिथे सरळ 'हाताला लागेल ते फेकलं' असं लिहा.