व्हॅलिडिटीचा (जात वैधता प्रमाणपत्राचा) अर्ज ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी टाका
"बहीण अकरावी सायन्सला, आई-वडील कोयत्यावर जातात आणि कॉलेज म्हणतंय व्हॅलिडिटीचं बारावीनंतर बघू." तुमच्या पोस्टमधली ही ओळ वाचली आणि माझंच बारावीचं वर्ष डोळ्यांपुढे आलं. आम्हीही बीड जिल्ह्यातलेच, भटक्या जमातीतले. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर हे सेतूत होऊन जातं, त्यावर लिहीत नाही.

"नंतर बघू" अजिबात ऐकू नका. मी बारावीत, दिवाळीनंतर अर्ज केला. घरचे तेव्हा कोल्हापूरकडे फडात. अर्जावर पत्ता टाकला गावचा. गावात कोण? एकटी आजी, तिला अक्षरओळख नाही. जात पडताळणी समितीचं पत्र आलं ते तिनं "सरकारी कागद हाय" म्हणून देव्हाऱ्यात जपून ठेवलं. होळीला गेलो तेव्हा कुंकू लागलेलं पाकीट हातात आलं. सुनावणी होऊन तीन आठवडे झाले होते.

कार्यालयात गेलो तर, "वडिलांना आणा." वडील रात्रीच्या एसटीने आले. टोळीच्या मुकादमाने दोन दिवसांचा खाडा लावला, वर आईचंही काम थांबलं, कारण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्या माणसाचा चालत नाही. आणि खिडकीवर उत्तर काय? साहेब दौऱ्यावर आहेत, पुढची तारीख पत्राने कळवू. पत्राने! त्याच पत्त्यावर! प्रमाणपत्र मिळालं तेव्हा प्रवेशाची मुदत संपून महिना झालेला, इंजिनिअरिंगची सरकारी सीट गेलेली. त्या खिडकीबद्दल आणखी लिहिलं तर भाषा बिघडेल, राहू दे.

म्हणून सांगतो, दसऱ्याच्या आत वडिलांकडून वंशावळीचं शपथपत्र करून घ्या. पत्ता आणि मोबाईल बारा महिने गावात असणाऱ्याचा द्या, चुलता असो की बहिणीचे सर. आमच्यासारखे व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) असाल तर 21 नोव्हेंबर 1961 आधीची जातीची नोंद लागते, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 आधीची. आमचे आजोबा शाळेत गेलेच नव्हते, चुलत आजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा चालला. भावकीत कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर ती आधी शोधा, निम्मं काम तिथंच होतं. (मी वकील नाही. नियम बदलत राहतात, समितीची यादी एकदा बघून घ्या.)

जाता जाता: महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचा) ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. आमच्याकडे दर हंगामाला सिम बदलतं, जुनं रिचार्जविना बंद पडतं. बहिणीच्या आधारला तिचाच नंबर जोडा, मुकादमाचा तर मुळीच नको.

तुमची टोळी यंदा कधी निघतेय ते लिहा, म्हणजे आधी कोणता कागद काढायचा ते सांगतो.