सेकंडहँड ८ चाकी अँफिबियस एटीव्हीची (जमिनीवर आणि पाण्यातही चालणाऱ्या गाडीची) ड्राइव्ह चेन सैल झालीय, दोन कड्या काढून घट्ट केली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वळताना आतून कट-कट आवाज येतो, रिव्हर्समध्ये जास्त येतो, टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) पार शेवटपर्यंत ताणून झालाय आणि आता कोणीतरी सांगितलंय की दोन कड्या काढून टाका. प्लीज काढू नका. मी इथे ओंटारियोत अशाच गाड्या दुरुस्त करतो, आणि हा सल्ला ऐकून आलेल्या गाड्या बघितल्या की जीव तुटतो.

हिशोब करून बघा. चेन लांब होते ती प्रत्येक कडीतली पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) झिजून. समजा तुमची चेन ६० नंबरची आहे (नंबर बहुतेक वेळा कडीच्या पट्टीवरच असतो), म्हणजे एका कडीचं अंतर १९.०५ मिमी. ६४ कड्यांचा वेढा धरला तर साधारण १२२० मिमी. कड्या जोडीनेच काढाव्या लागतात, नाहीतर सांधा जुळत नाही, म्हणजे ३८ मिमी एकदम कमी होणार. आता एवढी ढिलाई नुसत्या झिजेतून यायची तर चेन ३ टक्क्यांहून जास्त लांबलेली असणार, आणि २ टक्क्यांलाच ती बदलायला आलेली असते. थोडक्यात दोन कड्या काढण्याइतकी जागा झाली असेल तर ती चेन आधीच कामातून गेलीय, कड्या काढणं म्हणजे आजचं मरण उद्यावर ढकलणं. काही जण एकच कडी काढून हाफ लिंक (सांधा जुळवणारी वाकडी कडी) टाकतात, ती तर अजून कमजोर, आणि या गाड्यांमध्ये वळताना चाकं जमिनीवर घासत सरकतात तेव्हा सगळा झटका चेनवरच येतो.

त्यामुळे आधी मोजा. इंजिन बंद, चावी काढलेली, सगळी चाकं अधांतरी राहतील अशी गाडी मजबूत ठोकळ्यांवर घ्या, मधला फ्लोअरचा पत्रा काढा. चेनची एक बाजू ताणून धरा आणि पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत १६ कड्या मोजा. ६० नंबरला नवीन चेनमध्ये हे ३०५ मिमी भरतं, ३११ च्या वर गेलं की बदला. ५० नंबरची असेल तर २५४, आणि २५९ च्या वर गेली की बदला. दोन-तीन ठिकाणी मोजा कारण झीज सगळीकडे सारखी नसते. जुन्या चेनची एखादी पिन ठोकून बाहेर काढून बघा, मधोमध पायरी पडलेली असते, नख फिरवलं तर अडकतं. एकदा ते बघितलं की कड्या काढायचा विचार पुन्हा मनात येत नाही.

माप ठीक आलं आणि तरी चेन सैल असेल तर दोष दुसरीकडे आहे. टायर दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. खडखडलं तर एक्सलचं (चाकाच्या दांड्याचं) बेअरिंग गेलंय, एक्सल जागचा हलतो म्हणून चेन कधी सैल कधी घट्ट होते. मग टेन्शनरचा ठोकळा किंवा चक्री झिजलीय का बघा, आणि फ्रेमवर चेन घासून चकाकणारी रेघ पडलीय का तेही बघा, आवाज तिथूनच येतो. बाइकवर आपण मागचं चाक मागे ओढून चेन ताणतो, तसं इथे होत नाही, एक्सल जागेवर पक्के असतात, सगळी मदार टेन्शनरवर.

घट्ट करतानाही हात आवरा. चाक हळूहळू पूर्ण फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिथे ढिलाई बघा. मॅन्युअलमधला आकडा पहिला, तो नसेल तर दोन स्प्रॉकेटमधल्या (चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चक्रांमधल्या) अंतराच्या २ ते ३ टक्के वर-खाली हललं पाहिजे, म्हणजे ५० सेमीला १० ते १५ मिमी. तारेसारखी ताणलेली चेन बेअरिंग खाते.

हे मी एवढं जीव तोडून सांगतोय कारण यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेक चाकांवर नसतात, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असतात. गिअरबॉक्सपासून एक्सलला जाणारी चेन तुटली की त्या बाजूची ओढ जाते, वळवणं जातं आणि ब्रेकपण जातो. उतारावर असाल तर काय होईल विचार करा. पाण्यात एका बाजूचीच चाकं फिरतात आणि गाडी गोल गोल फिरत राहते, किनारा समोर दिसत असतो पण जाता येत नाही.

चेन बदलाल तेव्हा स्प्रॉकेटचे दात बघाच, हुकसारखे वाकले असतील तर तेही बदला, नाहीतर नवी चेन लवकर जाईल, पैसे वाचवायला जाऊन दुप्पट भुर्दंड. सांध्याच्या क्लिपची बंद बाजू गाडी पुढे जाताना चेन ज्या दिशेने पळते तिकडे हवी. जाड ग्रीस थापू नका, ते पिनपर्यंत पोचत नाही आणि वाळू धरून ठेवतं, पातळ चेन ऑइल आतल्या बाजूने सोडा, चाकं हाताने फिरवा, वरचं पुसून टाका. पाण्यातून आल्यावर ड्रेन प्लग काढून टब (गाडीची बोटीसारखी खालची बॉडी) रिकामा आणि कोरडा करा, तळाशी साचलेलं गाळाचं पाणी चेनचं सगळ्यात जास्त नुकसान करतं. नवी चेन पहिल्या काही तासांत थोडी बसते, तेव्हा परत एकदा ढिलाई तपासा.

माप काय आलं आणि चेन कितव्या नंबरची निघाली ते कळवा, कुठल्या एक्सलची आहे तेही लिहा, मग पुढचं सांगतो.