टॉवेलच्या गावाला आलेलं पत्र

प्रिय बाळ,
सप्रेम सलाम.

मी कशासाठी आहे, आणि मेल्यावर पुढे काय, हा तुझा प्रश्न. बायबल उघडलं पण उत्तर सापडेना, असं लिहिलंस. बहुधा सुरुवात चुकली. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून निघालेला वाचक निर्गम या दुसऱ्याच्या उत्तरार्धात निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, मापांपाशी अडखळतो आणि लेवीय हे तिसरं येईपर्यंत बायबल मिटतो. दुसरे काही जण थेट प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात उडी मारतात आणि आकडेमोडीत हरवतात.

तू बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रापासून सुरू कर. ४ अध्याय, ९५ वचनं. मोठ्याने वाचलंस तरी पाव तासात संपतं. सोलापूरच्या उन्हात दुपारी पंख्याखालीही डोकं चालत नाही, तेव्हा पहाटेच वाच. कलस्सै हे आजच्या तुर्कस्तानातलं, लोकरीसाठी नावाजलेलं गाव. त्याच्या जवळचं देनिझ्ली शहर आज आपल्या सोलापूरसारखंच टॉवेलसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे आपल्याला हा मुलूख फार परका वाटायला नको. येशूचा प्रेषित पौल हे पत्र कैदेतून लिहितो. तिथल्या ख्रिस्ती मंडळीचं तोंडही त्याने पाहिलेलं नव्हतं. शुभवार्ता तिथे नेली ती त्यांच्यातल्याच एपफ्रासने.

या मंडळीला गूढाची ओढ लागली होती. अमुक खाऊ नका, तमुक सण पाळा, देवदूतांना भजा, दृष्टान्त मिळवा, असं सांगणारे भोवती होते. दुसरा अध्याय त्यांच्याविषयीच आहे. पौल ‘रहस्य’ हा शब्द टाळत नाही, पण त्याला वेगळा अर्थ देतो. त्याच्या लेखी रहस्य म्हणजे हुशार माणसाने सोडवायचं कोडं नव्हे. युगानुयुगे झाकलेलं आणि आता देवाने स्वतःच उघडं केलेलं, ते रहस्य. १:२६-२७, म्हणजे पहिल्या अध्यायातली २६ आणि २७ ही वचनं, तीनदा सावकाश वाच. तिथे तुला सिद्धान्त मिळणार नाही, एक नाव मिळेल: ख्रिस्त, तोही ‘तुमच्यामध्ये’. हे ‘तुमच्या’ मुख्यतः यहुदी नसलेल्यांना उद्देशून आहे, तोवर दाराबाहेर धरलेल्यांना.

मग हा ख्रिस्त कोण? त्यासाठी मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची हकिकत. अध्याय १६, रोज एक, म्हणजे सोळा दिवस. वहीत दोन रकाने आख: येशू काय करतो, आणि लोक त्याला कोण समजतात. आठव्या अध्यायात पेत्र हा शिष्य बरोबर उत्तर देतो आणि चारच वचनांनंतर येशूकडून बोलणी खातो, कारण ख्रिस्ताने दुःख सोसावं हे त्याला पटत नाही. तिथे एक दिवस जास्त थांब. शंका आली तर ९:२४ मधल्या, आजारी मुलाच्या बापाची प्रार्थना तशीच उचल. विश्वास आणि अविश्वास तो एकाच वाक्यात बोलतो.

मेल्यानंतरच्या प्रश्नासाठी पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५. आपल्या कानाला इथे हमखास चकवा बसतो. आत्मा अमर, देह टाकाऊ, हे लहानपणापासून ऐकलेलं असतं, आणि ‘पुनरुत्थान’ वाचताना मनात ‘पुनर्जन्म’ उमटतो. पौल म्हणतो ते दोन्हींपेक्षा वेगळं आहे: देह पेरला जातो आणि पालटून उठवला जातो. ख्रिस्त उठला नसेल तर हा विश्वास फोल आहे, हेही तो स्वतःच सांगतो. म्हणून तपासायचं असेल तर ते तिथे तपास.

नवसाची सवय मात्र बाजूला ठेव. ‘नोकरी लागली तर मानेन’ हा सौदा झाला. नोकरी नाही लागली की त्याबरोबर विश्वासही जातो. बायबलमधल्या ईयोब या दुःखी माणसाला तर दुःखाचं कारण शेवटपर्यंत कळत नाही, आणि तरीही देव त्याच्याशी बोलतो. बरं करतो, व्हिसा मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथून ऊठ.

एकट्याने वाचून हे पुरं होत नाही. आपल्या शहरात मराठीत उपासना होते, तेलुगूतही होते. जी भाषा घरची, तिथे सलग काही रविवार मागच्या बाकावर बस. पाळकांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, भेटताना वही ने. बाप्तिस्म्याची घाई नको, आणि कुणी घाई करू लागलं तर कारण विचार. आईवडिलांना बाहेरून कळण्याआधी तूच सांग. त्या दिवशी वाद घालू नकोस, नुसतं ऐकून घे.

शेवटी फिलेमोनाला पत्र वाच, २५ वचनं. कलस्सैकरांच्या पत्रात ४:९ला अनेसिमाचं नाव आहे. इथे कळतं की तो फिलेमोनाचा दास. पौल त्याला परत पाठवतो, आणि दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार, असं मालकाला लिहितो. ‘तुमच्यामध्ये’ या शब्दाची परीक्षा एका घराच्या उंबऱ्यावर होते. फिलेमोनाने पुढे काय केलं ते पत्रात नाही. त्याच्या जागी तू असशील तर काय करशील, ते वहीत लिही.

तुझा हितचिंतक

ता. क. मार्क १६:९ पासून पुढचा मजकूर काही प्रतींत कंसात दिसेल. सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत शुभवर्तमान आठव्या वचनाशीच, घाबरून पळालेल्या स्त्रियांपाशी थांबतं. दचकू नकोस, येशूचं थडगं रिकामं आहे, हे तोवर सांगून झालेलं असतं.