पुण्याच्या पेठांतले वाडे बघायला सुरुवात करताय? मग आधी हे वाचा

डायरेक्ट शनिवारवाड्याला जाऊ नका, तो 1732 चा असला तरी आत मुख्य इमारती जळून गेल्यात, जोतीच उरलीत. त्यापेक्षा सकाळी लवकर विश्रामबागवाड्यासमोर उभे रहा, दुसऱ्या बाजीरावाचा आहे, आणि दर्शनी भागातले लाकडी सुरूचे खांब (म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरलेले) नीट बघा, खालच्या दगडी तळखड्यापासून (खांबाच्या बैठकीपासून) वर तुळईपर्यंत नजर न्या. हे एकदा डोळ्यात बसलं की कसब्यात, सदाशिवात कुठल्याही बोळात तेच छोट्या साइजमध्ये ओळखता येतं. मग दिंडी दरवाजा (मोठ्या दारातलं छोटं दार), ओसरी, चौक, वर कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत) असं बघत जा. खोली फुटात मोजू नका, खण मोजा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, जुने लोक तसंच सांगतात.

चौकात हौद दिसला तर विचारा पाणी कुठून यायचं, बऱ्याच ठिकाणी कात्रजच्या तलावातून नळाने, नानासाहेब पेशव्यांच्या काळातली सिस्टीम ती, अधूनमधून उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर पडायला मनोरे, बांधलेले. नदीकाठच्या नारायण पेठेत वाडे कमी का असं वाटेल, तर 12 जुलै 1961 चा पानशेत धरण फुटून आलेला पूर, मातीच्या भिंती कुठे टिकणार! आणि हो, आत लोक राहतात, कडी वाजवून विचारा, दुपारी एक ते चार तर अजिबात नको :)