वाड्या-वस्त्यांवरच्या गरीब कुटुंबांसाठी नेमलेल्या नव्या कार्यकर्त्यांना तीन दिवसांत काय शिकवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेने शाहूवाडीपासून चंदगडपर्यंतच्या वाड्यांवर आणि ऊसतोड, वीटभट्टीवरच्या कुटुंबांसाठी सहा कार्यकर्त्या नेमल्या आहेत. शिक्षण बारावी ते एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी). कोल्हापुरात तीन दिवसांसाठी हॉल ठरलाय आणि 'सगळ्या योजना बसतील' असा कार्यक्रम तुम्हाला आखून हवाय.

हॉलचे दोन दिवस रद्द करा. त्या पैशात सहा जणींचा बरेच दिवसांचा एसटीचा खर्च निघेल, आणि त्यांचं शिकणं एसटीतून उतरल्यावरच होणार आहे.

हे मला उशिरा कळलं. चौदा वर्षं मी या जिल्ह्यात कार्यकर्त्या तयार करण्याचं काम करते. माझ्या पहिल्या तुकडीला मी बेचाळीस योजना शिकवल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात स्पायरल बाइंडिंगचं पुस्तक, शेवटी चाचणी, चाचणीत सगळ्या पास. त्यातली सगळ्यात हुशार मुलगी राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीवर गेली, एका विधवा बाईचा संजय गांधी निराधार योजनेचा, म्हणजे दरमहा पेन्शनचा, अर्ज भरला आणि निघताना म्हणाली, "मावशी, पुढच्या महिन्यापासून पैसे सुरू." पाच महिन्यांनी अर्ज परत आला. या योजनेला वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं, आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर ३६ हजार पडले होते. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, हाताला सवय असलेला आकडा. २१ हजार म्हणजे महिन्याला साडेसतराशे. तेवढ्यात कोण जगतं हा प्रश्न वेगळा, पण दाखला हातात पडल्या पडल्या आधी तो आकडा बघायचा, हे माझ्या जाडजूड पुस्तकात कुठंही नव्हतं. पुढच्या खेपेला मी स्वतः गेले. दाराला आतून कडी, कौलांतून चुलीचा धूर. शेजारीण म्हणाली, "ती न्हाई बोलायची तुमच्यासंगं. पैसं येणार म्हणून चार लोकांस्नी सांगून बसली हुती."

तेव्हापासून 'मिळेल' हा शब्द आमच्याकडं बंद आहे. 'अर्ज करूया, काय होतंय ते मी येऊन सांगते', एवढंच. आणि यायचंच. काम झालं नाही, तर झालं नाही हे सांगायला यायचं. रिकाम्या हातानं ती पायवाट चढणं नव्या मुलींना फार जड जातं. त्याचा सराव करून घ्या. अगदी नाटक बसवल्यासारखा, एकीनं मावशी व्हायचं, एकीनं ताई.

आता तो एक दिवस. सकाळीच सहाही जणींना स्वतःचा उत्पन्नाचा दाखला काढायला पाठवा. ओळख सांगायची नाही, कुणा ओळखीच्याला फोन करायचा नाही, संस्थेचं ओळखपत्र पर्समध्ये. तलाठ्याकडं जायचं (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण त्या नावानं विचारलंत तर गावात कुणी पत्ता सांगणार नाही), तिथून सेवा केंद्रात, तिथून काहीतरी राहिलं म्हणून परत. दिवसात दाखला मिळत नाही. मिळू नये म्हणूनच पाठवायचं. संध्याकाळी प्रत्येकीनं लिहून आणायचं: किती वेळा उभं राहावं लागलं, कुणी 'बसा' म्हणालं का, किती रुपये गेले, अर्जातला कुठला शब्द कळला नाही. आमच्याकडची एमएसडब्ल्यू झालेली एक मुलगी त्या संध्याकाळी रडली होती. खिडकीतला माणूस तिला 'वाचता येत नाही का' म्हणाला होता. त्यानंतर कुठल्याही बाईला तिनं 'अहो, कालच सांगितलं ना तुम्हाला' असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

हे झालं की प्रत्येकीला एकच कुटुंब द्या. दहा नकोत, एक. महिनाभर. त्या कुटुंबाचा एक कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिनं न्यायचा. उदाहरण म्हणून नवऱ्यानं टाकलेली बाई घ्या. तिचं नाव सासरच्या रेशनकार्डावर. माहेरच्या कार्डात घालायचं तर सासरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला हवा. तो आणायला सासरचं मूळ कार्ड लागतं म्हणतात, आणि सासरचे ते देत नाहीत. रेशनकार्डात नाव नाही म्हणून पुढचे दाखले अडतात, दाखले नाहीत म्हणून पेन्शन अडते. शिवाय आपला जिल्हा सीमेवरचा. ती बाई निपाणी-चिकोडीकडून पाच वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली असेल, तर निराधार पेन्शनला लागणारं महाराष्ट्रातलं १५ वर्षांचं वास्तव्य दाखवायचं कुठून? हे सगळं कार्यकर्तीला तक्त्यावर काढून दाखवलंत तर दुपारच्या जेवणाआधी विसरेल. स्वतः चार हेलपाटे मारले की गाठ कुठं आहे ते तिला झोपेतही सांगता येतं. मग पंचनाम्यासाठी कुणाला भेटायचं, कुठं लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची, कुठं नुसतं सांगून भागतं, हे ती इतर पाच जणींना शिकवते. माझ्या बेचाळीस योजनांपैकी गेल्या काही वर्षांत रोज लागल्या त्या सात-आठ: रेशन, निराधार आणि श्रावणबाळ (म्हाताऱ्यांची पेन्शन), बालसंगोपन (आईबापाविना किंवा अडचणीतल्या मुलांसाठी), मातृवंदना (गरोदर बायकांसाठी), घरकुल, दिव्यांग प्रमाणपत्र, जातीचा दाखला. बाकीच्या फोनमध्ये असू द्यात.

जातीच्या दाखल्यावरून आठवलं, 'आदिवासी' हा शब्द आपल्या जिल्ह्यात जपून वापरायला शिकवा. तुमच्या प्रश्नात तुम्ही धनगरवाड्यांना आदिवासी वस्त्या म्हटलंय. राहणीमान बघून कुणालाही तसंच वाटेल. रस्ता नाही, पावसाळ्यात आजाऱ्याला डोलीत घालून खाली आणावं लागतं. पण कागदावर महाराष्ट्रात धनगर भटक्या जमाती 'क' मध्ये येतात, अनुसूचित जमातीत नाहीत. आदिवासी विकास विभागाची योजना सांगून तुमची कार्यकर्ती वाड्यावरून खाली उतरली, की माझ्या पहिल्या तुकडीचाच किस्सा पुन्हा घडणार. वनहक्काचंही तेच. २००६ च्या कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना त्यासोबत तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखलेल्या गवळी धनगराच्या घरात ७५ वर्षांपूर्वीचा कागद कुठून येणार? तिथं म्हाताऱ्या माणसांचे जबाब, जुनी देवस्थानं, दगडी गोठ्याची जोती, असले पुरावे गोळा करायला लागतात. ते काम कार्यकर्तीच्या चिकाटीचं.

आणि पारधी म्हटलं की लगेच एका रकान्यात टाकू नका. फासेपारधी अनुसूचित जमातीत, पाल पारधी विमुक्त जातीत. भट्टीवर भेटणारे वडार, कैकाडी हेही विमुक्त जातीत. दाखल्यासाठी अनुसूचित जमातीला १९५० चा आणि विमुक्त-भटक्यांना १९६१ चा वास्तव्याचा पुरावा लागतो. तेव्हा जे गावोगाव फिरत होते त्यांना 'तुम्ही नेमक्या कुठल्या गावचे' असं विचारण्यासारखंच आहे हे. पालावर, म्हणजे भटक्यांच्या तंबूंच्या वस्तीवर, गेल्यावर पहिल्याच दिवशी वही काढू नका असं मी सांगते, त्याला इतिहास आहे. १८७१ च्या कायद्यानं या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तो थेट १९५२ मध्ये रद्द झाला. आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्येच त्यांना सरकारी माणसापुढं लावावी लागणारी हजेरी बंद केली होती, पण नाव-गाव लिहून घेणाऱ्या माणसाची भीती अजून पुरती गेलेली नाही.

बसायचं कसं, हेही शिकवावं लागतं. खुर्ची आणून दिली तरी बाई जमिनीवर बसली असेल तर जमिनीवर बसा. बाई लाकूडफाट्याला, धारेला किंवा रोजगाराला गेलेली असते, त्यामुळं अकरा ते पाच ही आपल्या ऑफिसची वेळ त्यांच्या कामाची नाही. वाड्यावर मुक्काम करावा लागतो. मुक्कामी एसटीनं जाऊन सकाळच्या गाडीनं परत. पहिल्या खेपेला दोघी मिळून जा. चहा दिला तर प्या. एक कार्यकर्ती आमच्याकडं अशी होती की एका विशिष्ट वस्तीवर तिला कायम 'आत्ताच चहा झालाय' असायचं. मला सहा महिने कळलं नाही, वस्तीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिला मी काढलं नाही, समोर बसवून विचारलं. ती खाली मान घालून बसली, आणि पुढच्या आठवड्यापासून प्यायला लागली. मनातून किती बदलली माहीत नाही. पण ही गोष्ट प्रशिक्षणात उघड बोलायलाच हवी. 'आपण सगळे समान' असं तक्त्यावर लिहून भागत नाही.

ऊसतोडीच्या टोळ्यांचं गणित वेगळं आहे. बीडकडून दिवाळीच्या सुमारास येतात, मार्च-एप्रिलला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फिटेपर्यंत सुटका नाही. पहाटे फडात जातात ते संध्याकाळी खोपीवर येतात. त्यांच्याकडं वर्षभराचा आराखडा घेऊन जाऊ नका, चार-पाच महिन्यांत होईल तेवढंच धरा. पहिलं काम धान्य. बीडच्या कार्डावर इथल्या रेशन दुकानात धान्य उचलता येतं, आणि गावाकडं राहिलेले म्हातारे-कोतारे आपल्या वाट्याचं तिकडं उचलू शकतात. हे पुष्कळांना माहीत नसतं, कधी कधी दुकानदारालाही माहीत नसतं किंवा माहीत नाही असं तो म्हणतो. कार्यकर्तीनं बाईसोबत दुकानात जाऊन मशीनवर अंगठा लागेपर्यंत थांबायचं. कोयत्यानं घासलेले अंगठे लवकर उठत नाहीत, बोटं बदलून बघायची. दुसरं काम मुलांचं शिक्षण हमी पत्रक, म्हणजे परत गेल्यावर शाळेत वर्ग बुडत नाही. तिसरं, गरोदर बाई असेल तर तिची नोंद जवळच्या उपकेंद्रात आणि आशाताईशी गाठ. एवढं झालं तरी हंगाम सत्कारणी लागला.

गुपिताबद्दल एक गोष्ट कडकपणे सांगा. आपल्या कार्यकर्त्या त्याच भागातल्या असतात, कुणाची तरी नणंद, कुणाची तरी मावसबहीण. एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरात गेलं की काम संपलं. पण सगळंच पोटात ठेवता येत नाही, हेही कुटुंबाला सुरुवातीलाच सांगायचं. अठराच्या आतल्या मुलीवर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. सतरा वर्षांची गरोदर मुलगी खोपीत भेटते तेव्हा ही गोष्ट फार अवघड होते. तिला दवाखान्यात नेलं तर पोलिसांत नोंद होणार, नवरा जेलमध्ये जाणार म्हणून घरचे नेत नाहीत, आणि नेलं नाही तर तिच्या जिवाशी खेळ. कार्यकर्तीनं हा निर्णय एकटीनं घ्यायचा नाही, त्याच दिवशी तुम्हाला फोन करायचा. तो फोन उचलणारं माणूस संस्थेत कोण, हे आधी ठरवा.

पैशांचे नियम दोनच. कुणाचं पासबुक, एटीएम कार्ड, ओटीपी हातात घ्यायचं नाही, बाईनं कितीही गळ घातली तरी. आणि स्वतःच्या खिशातून उसने द्यायचे नाहीत. बाकी कर्जाबद्दल पहिल्या भेटीत विचारू नका. फायनान्सच्या हप्त्याचा वार कुठला, हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाई आपणहून सांगते, आणि ते कळल्यावर घरातल्या इतर अनेक गोष्टी उलगडतात.

त्या पहिल्या दिवसानंतरचं प्रशिक्षण म्हणजे दर शनिवारी दोन तास. जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० पासून अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं, ते एका शिबिरात नव्हे. त्या पुन्हा पुन्हा केंद्रावर यायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या, एकमेकींकडून शिकायच्या. तुम्हीही शनिवारी प्रत्येकीनं एकच कुटुंब मांडायचं ठरवा, तेही जिथं अडलंय ते. यशोगाथा त्या दिवशी नकोत. अहवालात आपण त्या लिहितोच.

एका कार्यकर्तीकडं पंचवीस-तीसच्या वर कुटुंबं देऊ नका. डोंगरभागात तीसही जास्तच. आणि थांबायचं कधी, हे सुरुवातीलाच ठरवा. चिलीमध्ये २००२ पासून गरीब कुटुंबांसाठी असाच घरभेटीचा कार्यक्रम झाला. मुदत २४ महिने, भेटी सुरुवातीला दाट, मग विरळ होत जाणाऱ्या. आम्ही आता दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदाच जातो. तोवर कुटुंबातली एक तरी बाई स्वतः तहसीलला जाऊन पोच घेऊन आलेली असावी, असा आमचा अंदाज असतो. निम्म्या घरांत तसं होतं.

कागदांबद्दल राहिलंच. शिरोळकडं २०१९ आणि २०२१ च्या पुरात घरांबरोबर कागदही गेले. प्रत्येक कुटुंबाला चेनची प्लॅस्टिकची पिशवी द्या, मूळ कागद त्यांच्याकडं, झेरॉक्स तुमच्याकडं. उलटं कधीही नको.

सुरुवात जूनमध्ये करणार असाल तर वाड्यांपासून करू नका, गगनबावड्याच्या बाजूच्या पावसात मुली पोचणार नाहीत आणि पहिल्याच महिन्यात खचतील. आणि सहापैकी कुणाला कन्नड येत असेल तर कळवा. गडहिंग्लजच्या पूर्वेकडच्या गावांत तिचा उपयोग फार होईल, तिथं आमची एक जुनी कार्यकर्ती आहे, तिच्यासोबत आठवडाभर फिरवता येईल.